तीन कप्प्यांच्या बाहेर

१२ ऑगस्ट

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आई नीट जेवते, माझा खोकलाही गेला.

तुझं पत्र मिळालं. मी दरवर्षी वर्गात शिकवते ती स्मृतीची आकृती तू माझ्याच तोंडावर फेकलीस! पहिल्या कप्प्यात क्षणभर, दुसऱ्यात थोडा वेळ, आणि घोकलं तर तिसऱ्यात कायमचं. आजारपणानंतर आईचं नवं काहीच तिसऱ्यात जात नाही. मग ती माझ्याकडे राहिली काय आणि वृद्धाश्रमात राहिली काय, तिला सारखंच, असं तुझं म्हणणं.

आकृती खोटी नाही. तुझं लहानपण आईला तोंडपाठ आहे आणि आत्ताच घेतलेला चहा आठवत नाही, ते का, हे इतकं सोपं करून सांगणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही. पण त्याच धड्यात पुढे या आकृतीचे दोषही आहेत. तू अर्धाच धडा वाचलास. शाळेतही तेच करायचास.

माझ्या दाराचं कुलूप आठवतं? मूठ उचलायची, दार ओढून धरायचं, मग किल्ली उलटी फिरवायची. तू तर हात टेकलेस. आई या घरात आली तीच आजारपणानंतर. रोज म्हणते, "कुणाचं गं हे घर? असलं कुलूप मी जन्मात पाहिलं नाही!" आणि बोलता बोलता उघडते. डोक्याला पत्ता नाही, पण हात शिकलेत. तेव्हा तिसरा कप्पा एकच आहे, हे मला सांगू नकोस.

आणि फक्त हातच शिकलेत असंही नाही. हे लिहायचं मी टाळत होते. मे महिन्यात तिने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, म्हणून तू तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलंस. मी मध्ये पडले, तर म्हणालास, "जाऊ दे गं, पाच मिनिटांत विसरेल."

विसरलीच. पण गेल्या महिन्यात तू आलास, तेव्हा तिने तुला लाडाच्या नावाने हाक मारली आणि तुझ्या शेजारी मात्र बसली नाही. तू गेल्यावर मी कारण विचारलं. "काही नाही गं, उगाच," म्हणाली. तिचा हात स्वतःच्या खांद्यावर होता.

ती कुठेही जाणार नाही. माझी संमती नाही, मग मामाला मध्ये घाल नाहीतर वकिलाला. तिला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांच्या हाती मी तिला देणार नाही.

तू मात्र येत जा. ती तोच प्रश्न वीस वेळा विचारील. वीस वेळा हळू आवाजात उत्तर दे. घोकंपट्टीवर तुझा एवढा विश्वास आहे ना? मग घोक.

आई तुझ्या शेजारी बसेपर्यंत तुझ्यावर रागावलेली,
तुझीच धाकटी