सूनबाईची सकाळची कॉफी

३ फेब्रुवारी १९४६, रविवार. मिरजगाव.
आधी खुशाली. बायको लिडिया, तिचे गुडघे: कालच्यासारखेच. धाकटी दीना: पडसं उतरलं. शेळी: खाते, शिंगं मारते, दूध मनाला येईल तेव्हा. मी: उत्तम. गावाची पत्रं लिहून लिहून ही खोड लागली, वहीतही खुशाली विचारल्याशिवाय हात पुढं सरकत नाही.
आता मुद्दा. थोरला अब्राहाम पलटणीतून सुटला. शनिवारी बंगलोरहून येतो, नवी सून एस्तेर बरोबर. आठवडाभर राहणार. मग नगरला मोटार दुरुस्तीत लागायचं की कायमचं तिकडंच, ते ठरणार. लिहितो, तिला सकाळी गाळलेली कॉफी लागते, तेवढं बघा. म्हणजे सगळं कॉफीवर आलं. कॉफी जमली की पोरं राहिली. मी सुतार माणूस, बाराखडी स्वतःची स्वतः शिकलो. कॉफी ती काय.

४ फेब्रु.
मिशनच्या मडमबाईंनी मायदेशी जाताना दिलेलं चिनी मातीचं नसराळं माळ्यावरून काढलं. त्यात फडकं, फडक्यात कॉफीची भुकटी, वरून आधण थोडं थोडं. नसराळं ठेवायला सागाची तिवई केली. देखणी झाली. दिवस त्यातच गेला. कॉफी उद्या.

५ फेब्रु.
काळंभोर पाणी ठिबकलं. लिडियानं पेला उचलून अंगणात रिकामा केला. म्हणते, कोरं दुखवट्याच्या घरात देत्यात. पोरगं वाटंवर असताना माझ्या घरात कोरं व्हायचं न्हाई.
तिचंही खरं. तोड काढली: पाण्याऐवजी दूधच ओतायचं. मडमबाईंना हे सुचलं नसावं.

६ फेब्रु.
दूध ओतलं. अर्ध्या तासात चार थेंब. अल्लाबक्ष शिंपी समोर बसलेला. म्हणाला, कृपादानभाऊ, एवढ्यात माझा सदरा झाला असता, काजांसकट.
फडकं जाड. विरळ पाहिजे.

७ फेब्रु.
लिडियाचं चक्का टांगायचं फडकं खुंटीला सापडलं. झकास विरळ. दूध भराभर उतरलं आणि नासलं. दीना म्हणते, बाबा, वहिनीला वाटीचमचा द्यावा लागंल.
दोष शेळीच्या दुधाचा. दुसरं काही नाही. भिमाजीकडं म्हशीचं सांगून ठेवलं. भुकटी संपत आली, म्हणून सराव बंद. हात तयार आहे.

१० फेब्रु. सकाळी.
पोरं काल पोचली. सून सावळी, शांत. मराठी येत नाही, पण गुडघे धरून बसलेल्या लिडियाच्या हातून बादली घेतली.
पाचला उठलो. म्हशीचं दूध, तेच फडकं. नासलं. सगळ्यांदेखत. मी म्हशीबद्दल बोलायला लागलो होतो.
एस्तेर हसली नाही. फडकं नाकाशी नेलं, ऊन पाण्यानं तीनदा धुतलं. भुकटी घातली. आधण ओतलं, थांबली, पुन्हा ओतलं. काळं पाणी उतरतं न उतरतं तोच वरून दूध. लिडियाला हरकत घ्यायला सवडच मिळाली नाही.
एक घोट घेतला. कबूल करतो, चांगली होती. म्हणजे कॉफी या घरात होते, हे तिला पटलं. पोरं राहणार. तिच्यासाठी दुसरी तिवई करायला घेतो.

१६ फेब्रु.
पोरं सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं गेली. मोटार सुटताना अब्राहाम म्हणाला, बाबा, बंगलोरचं काम आधीच धरलं होतं. लिहायचा धीर झाला नाही.
म्हणजे कॉफीचा काही संबंधच नव्हता.
तिवई अर्धी राहिली.

१७ फेब्रु.
चमचाभर भुकटी उरलेली. फडकं तीनदा धुतलं. आधण ओतलं, थांबलो, ओतलं. लिडिया समोर दुधाचं भांडं धरून बसली. म्हणते, ओता, कोरं उतरलं तरी आता कुणी वाटंवर न्हाई. आणि पदर डोळ्याला लावला. जमली. अर्धी अर्धी प्यालो.
कार्ड लिहिलं. त्याची नक्कल:
चि. सौ. एस्तेर, अब्राहाम हे वाचून दाखवील. तुम्ही दोघं बरी असाल. एका पेल्याला आधण किती आणि मध्ये थांबायचं किती, ते कळव. मला समजलंय, तरी कळव. लवकर. दोन ओळी पुरतील.