रंग सुटणाऱ्या गोळ्या

अक्षतदादा,

मी बाबांना घेऊन दवाखान्यात आहे. सात टाके पडले, पण ते शुद्धीवर आहेत.

सकाळी सप्लायर नितेशभैया घरी आला, भेडाघाटला आपलं नाणं टाकायचं गोळ्यांचं मशीन आहे ना, त्यासाठी स्वस्तातल्या बबलगमच्या गोळ्या घेऊन. बाबांनी एक गोळी ओल्या रुमालावर घासली, तर रुमाल लाल झाला. "लहान पोरं खातात, हे नाही भरणार," ते म्हणाले.

"भरना तो पड़ेगा, काका!" म्हणत नितेशने कोपऱ्यात ठेवलेला मशीनचा जुना लोखंडी स्टँड बाबांच्या डोक्यात घातला. मी काचेची बरणी त्याच्या तोंडावर फोडली. दोन दात पडले त्याचे. पोलीस माझाही जबाब घेऊन राहिले.

आई शाळेतून यायच्या आत फरशीवरचं रक्त पूस. बाबांचा चष्मा आण.

अन् नितेशला मारायला जाऊ नको. मी दुसऱ्यांदा हात उचलला होता, पण स्वतःचे डोळे रक्ताने भरलेले असतानाही बाबांनीच तो धरला.

चिन्मयी