वाकड्या शिंगाचा बैल

आई, तुला वाचता येत नव्हतं. हा कागद तुझ्या हाती लागला असता तर तू तो उलटसुलट करून पाहिला असतास आणि सरळ घमेल्यात भिजत टाकला असतास. माझी भूगोलाची वही अशीच गेली होती. परीक्षा तोंडावर आलेली, वही कुठे सापडेना, आणि तू उखळातून मान वर न काढता म्हणालीस, "निळ्या पुठ्ठ्याची व्हय? ती कालच कुटली की." मी हातपाय आपटून रडले होते. त्या लगद्यात मेथ्या वाटून घालून तू दुरडी थापलीस, तिच्यात वर्षानुवर्षं शेंगा ठेवल्यास, आणि मी भूगोलात पास झाले ती निव्वळ गुरुजींची कृपा. ती दुरडी आता काळेवाडीत, माझ्या गाळ्यात आहे. तिच्यात माझे ब्रश असतात. अजून तिला कीड लागलेली नाही. मेथीचा कडूपणा किडीला सोसत नाही, हे तू सांगायचीस तेव्हा तो तुझ्या स्वभावाचाही खुलासा वाटायचा.

मी अजून लगद्याची जनावरंच करते. या घडीला गाळ्यात एक बिबट्या उभा आहे, दोन रेडे आहेत, आणि एक जिराफ आहे ज्याची मान तिसऱ्यांदा लवली आहे. मी यावर पोट भरते हे तू डोळ्यांनी पाहून गेलीस, पण तुला ते पुरतं पटलं नव्हतं. आल्यागेल्याला सांगायचीस, "पोरगी लई मोठी चित्रकार हाय. पर कागुदच कुटती." रविवारी मी शिकवतेसुद्धा. मारुंजीहून, हिंजवडीहून लॅपटॉपवाली मंडळी येतात, कोंबडी नाहीतर कासव करतात, आणि संध्याकाळच्या आत रंगवून घरी न्यायचं म्हणून केस वाळवायचं यंत्र पिशवीतून काढतात. मग मी त्यांना तुझं वाक्य ऐकवते. बाहेरून वाळलं म्हणजे वाळलं नाही. बोटाला काही कळत नाही, गालाला लावून बघा; गार लागलं तर आत ओल आहे. आधी हसतात. मग ओळीनं उभी राहून ही शिकलीसवरली माणसं गालाला कोंबड्या लावतात, आणि मला तुझी इतकी आठवण येते की रंग आणायचं निमित्त करून मी मागच्या खोलीत जाते.

हे वाक्य मला फुकट मिळालेलं नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी म्हैस केली होती. वरून टणटणीत वाळली होती. मला घाई, दादाकडून काळा ऑइलपेंट मागून आणला आणि तिला असा चकचकीत फासला की खरी म्हैस लाजावी. तू नको म्हणत होतीस. प्रदर्शन संपायच्या आत तिचं पोट फुगलं, पाठीला तडा गेला आणि आंबलेल्या मेथीचा वास वर्गभर सुटला. पोरं नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होती. घरी आले तर तू जवळ घेशील असं वाटलं होतं. तू म्हैस उलटी केलीस, तड्यात बोट घातलंस आणि म्हणालीस, "वल कोंडलीस तू हिच्यात. कोंडलेली वल कुठनं तरी फुटतीच." एवढंच. नंतर भाकरी थापायला बसलीस. मी किती चिडले होते तुझ्यावर! आज त्याच धड्याचे पैसे घेते.

बैल मात्र तुझे. तू असेपर्यंत त्यांना मी कधी हात लावला नाही. निघोज्याचं आपलं रान कंपनीत गेलं, पाठोपाठ बैलजोडी विकली, आणि त्या वर्षी भादव्यातला पोळा आला तेव्हा गोठ्यात दादाची मोटारसायकल उभी होती. पुरणाचं ताट घेऊन तू दारात थांबलीस. दादानं चाकणच्या बाजारातून मातीची जोडी आणली, ती तू फिरवून फिरवून पाहिलीस. "ह्याला वशिंड हाय का? हा काय बैल हाय? बोकड हाय ह्यो." पुढच्या वर्षी श्रावणातच तू कामाला लागलीस. दादा तोवर त्याच कंपनीत लागला होता, शिफ्ट सुटली की मोटारसायकलला पुठ्ठ्याचे फाटके खोके बांधून आणायचा. ते तू भिजवलेस, कुटलेस, जुन्या लुगड्याचं गाठोडं सुतळीनं आवळून त्यावर लगदा चढवलास, आणि शिंगांना तुराटीच्या काड्या घातल्यास. डावं शिंग मुद्दाम खाली वाकवलंस. आपल्या थोरल्या बैलाचं तसंच होतं. दादा म्हणाला, "आये, ज्यांनी रान घेतलं त्यांच्याच खोक्याचा बैल?" तू म्हणालीस, "रान त्यांचं, खोकी त्यांची. बैल आपला." आणि बैलाला ओवाळलंस. डोळे कोरडेच होते तुझे. मला आजवर कुणी विचारलं की ही कला कुठे शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगते, पण डोळ्यांसमोर ते ताट येतं.

शेवटचा बैल तू केलास तेव्हा तुझे हात थरथरत होते. मी म्हटलं, मी करते, तर मला ओट्यावर बसवलंस आणि नुसतं बघायला सांगितलंस. वशिंड जरा कलतं झालं. शिंग मात्र बरोबर वाकलं. पावसाची झिमझिम चालू होती, काही वाळत नव्हतं. तू तो गालाला लावलास, मग माझ्या गालाला लावलास. गार होता. "आतनं वलाच हाय ह्यो. घाई करू नगं. वाळला की तू रंगव. मला काय आता हुत न्हाई." पोळ्याच्या आत तू गेलीस. त्या वर्षी सुतक होतं, सण नव्हता.

त्यानंतर दरवर्षी भादवा आला की दादाचा फोन येतो. "आईचा बैल आण की गं यंदा पूजेला." आणि दरवर्षी मी सांगते, अजून आतून ओला आहे रे, आणि माझ्या हातचा दुसरा नेते. इतकी वर्षं कागद ओला राहत नाही हे लहान पोरालाही कळेल. तो गाळ्यातल्या फडताळावर पत्र्यासारखा कडक होऊन बसला आहे. पण रंगवला की तो पुरा होईल, आणि तू सांगितलेलं माझ्याकडे दुसरं काही शिल्लक नाही. मी दुसऱ्यांच्या जनावरांना धडाधड रंग देते, पण त्याच्यासमोर ब्रश हातात धरवत नाही.

काल दादा स्वतःच आला, फोन न करता. आता तो निवृत्त झालाय, गुडघे धरून जिना चढला. चहा झाला, जिराफाच्या मानेला हसून झालं, मग म्हणाला, "बघू आईचा बैल." मी काढून दिला. मनात म्हटलं, सापडले आज. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं बैल गालाला लावला. तुझी ही रीत त्यालाही ठाऊक असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मग बैल माझ्या हातात देऊन, माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हय गं. वलाच हाय अजून. ऱ्हाऊ दे." आणि जिना उतरून गेला.

तो गेल्यावर मी बैल माझ्या गालाला लावला. पाठीवर, वशिंडाच्या खाली, दादानं गाल टेकवला होता तिथे, एक जागा गार लागली. बोट फिरवलं तर ओली होती.

आज सकाळी बैलासाठी मी मातकट पांढरा रंग कालवला होता, तो वाटीत वाळून गेला. हे पत्र मी ब्रशांच्या दुरडीखाली ठेवतेय, भिजत टाकवत नाही. दादाला मी इतकी वर्षं खोटं सांगत आले, पण तुला खरं सांगते आई, बैल अजून ओलाच आहे.