शिंगाळ्याचा काटा

मनू,

परवा तू म्हणालीस, "ताई, बोटं आतून ठणकतायत," तेव्हा मी हसले. आदल्या दिवशी तू हर्णैला शिंगाळे मासे साफ केले होतेस. "काटा लागलाय गो, गरम पाण्यात हात बुडव," म्हटलं आणि तुला घरी पाठवलं.

पण लोट्याच्या कारखान्यात आपण कॉम्प्युटरच्या चिपा धुवायचं ॲसिड भरतो. ते लागलं तरी लगेच जळत नाही, आत हाडापर्यंत जातं आणि मग ठणकतं. हे तुला मीच शिकवलं होतं. हातमोजे फुगवून भोक बघायचं, हेही मीच. परवा सकाळी कामावरची बस उशिरा आली, म्हणून तुझे मोजे न फुगवताच मी वहीत बरोबरची खूण केली. काल फुगवले. एका बोटातून हवा सुटली.

त्या ॲसिडवरचं मलम माझ्याच कपाटात आहे.

तुझी आई आत्ता फोनवर सांगत होती, बोटं काळी पडतायत आणि डॉक्टर काट्याचंच औषध देतायत. मी "बरं" म्हणाले. खरं बोलले तर नोकरी जाईल.

सकाळपासून हा तिसरा कागद. फोन शेजारीच पडलाय मनू, आणि मी पत्र लिहीत बसलेय.

तुला मोजे देणारी,
दीपाली