न विकायचा डगला

प्रिय ठमे,

गेल्या रविवारी तू फोनवर पुन्हा तेच विचारलंस आणि मी पुन्हा "दाराशी कुणीतरी आलंय" म्हणून फोन ठेवला. दाराशी कुणी नव्हतं. तुला ते कळलं असणारच, माझी खोटी कारणं तू शाळेत होतीस तेव्हापासून पकडतेस. आई शेवटच्या दिवसांत तुझ्याबद्दल काही बोलली का, एवढंच तुला हवं होतं. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी "नाही" म्हटलं. हे पत्र त्या "नाही"बद्दल आहे. फोनवर मला ते जमायचं नाही. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस मी, हातात पाना-पेचकस असला की सुचतं आणि बोलायची वेळ आली की उठून चहा टाकतो. तेव्हा जरा दमानं वाच. मध्येच फोन लावू नकोस, मी उचलणार नाही.

तब्येत बरी आहे. गोळ्या घेतो. खालच्या मजल्यावरची मास्तरीण रोज दुपारी जिन्यातून हाक मारते, मी जिवंत आहे का ते बघायला, आणि मी "अजून आहे" असं ओरडतो. आईचं शिलाई मशीन अजून खिडकीशीच आहे आणि त्याच्या फळीवर तू बसवून दिलेला कॉम्प्युटरही. मी काहीच हलवलेलं नाही. खुर्चीवरची उशीसुद्धा तशीच आहे, एका बाजूनं दबलेली.

तू आईला त्यावर तो ऑनलाइन खेळ घालून दिलास तेव्हा मी केवढी टर उडवली होती, आठवतं? बोटं आखडली, सुई धरवेना, म्हणून माणसानं राक्षस मारत बसायचं का, असं मी म्हणालो होतो. आणि तुझ्या आईनं एकही राक्षस मारला नाही. तिनं खेळातल्या गावाच्या चौकात, कारंज्याच्या डाव्या हाताला दुकान थाटलं, "टाचणी" अशी पाटी लावली आणि डगले शिवायला बसली. पडद्यावरचा एकेक चौकोन रंगवून नक्षी उतरवायची, सकाळचं आवरलं की जेवणवेळेपर्यंत. चार वर्षं. लोक म्हणे लढाईला जाताना टाचणीचा डगला घालून जायचे. डगल्याचा दर दोनशे मोहरा. मी विचारलं, दोनशेच का? तर म्हणाली, दोन दिवस लागतात, रंग-धाग्याला शंभर जातात, शंभर माझे, झालं की. खऱ्या शिवणकामातही तिचा हिशेब असाच सरळ होता.

पुढे खेळात ती नवी गुहा उघडली. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते कसं कळलं ते सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा तुझ्या नीट ध्यानात येईल. त्या गुहेत अर्धा तास घालवला की कुणालाही दहा हजार मोहरा मिळायच्या. त्या कुणाच्या खिशातून जात नव्हत्या, नुसत्या उगवायच्या. मला वाटलं, वा, सगळे श्रीमंत झाले! महिन्याभरात दोन मोहरांचा पाव चाळीसला गेला. माझ्या धंद्यात असं व्हायचं. जुनी वजनं घासून घासून हलकी होतात आणि दुकानदार काट्याला शिव्या देतो. काटा बिचारा बरोबरच असतो. तशा इथे मोहरा हलक्या झाल्या होत्या. आईला मी हे समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि दर दोनशेच ठेवला. धाग्यालाच आता दोनशेच्या वर पडायचे, म्हणजे पदरचे घालून शिवत होती. रोज सकाळी दुकान उघडलं की दलाल टपलेलेच असायचे. सगळे डगले उचलायचे आणि समोरच्याच ओळीत तीन-तीन हजारांना विकायचे.

त्यावरून तुमचं वाजलं. तू त्या शनिवारी फोन केलास तेव्हा मी इथेच होतो, फोनचा आवाज मोठा होता, मी सगळं ऐकलं. तू चुकीचं काही बोलत नव्हतीस. तू म्हणालीस, आई, तुला लुटतायत, दर वाढव. ती म्हणाली, माझ्याकडे येणारी पोरं गुहेत जाणारी नाहीत, त्यांनी कुठून आणायचे? मग तुझा तोल गेला. जन्मभर हेच केलंस, म्हणालीस, जुन्या गिऱ्हाइकांना जुने दर, आणि आम्ही दोन खोल्यांत वाढलो, एका कोटावर चार हिवाळे काढले. तूच फोन ठेवलास. त्यानंतर ती रोज दुपारी कारंज्यापाशी खेळातली तिची ती छोटी बाहुली उभी करायची, तू खेळात तिला भेटायला यायचीस त्या वेळेला. तू आली नाहीस. मी म्हणायचो, अगं तूच कर फोन. तर म्हणायची, तिला वाटेल तेव्हा येईल. दोघी एकाच मातीच्या.

पाच आठवड्यांनी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तुला मी काय सांगितलं ते तुला पाठ असेल: तपासण्या आहेत, दोन-तीन दिवसांत घरी सोडतील, धावत येऊ नकोस. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. तू पोचलीस तेव्हा सगळं संपलं होतं. चार दिवस तू या खुर्चीत बसून होतीस, डोळे कोरडे, आणि जाताना जिन्यात मला विचारलंस. मी "नाही" म्हटलं. तू मान हलवलीस, जणू तुला तेच उत्तर येणार हे माहीत होतं. तुझं ते मान हलवणं मला अजून दिसतं.

तू गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. दुकानाच्या कपाटात एकच डगला उरला होता, निळा, चंदेरी काठाचा. खेळाचा नियम असा, की तीन आठवडे दुकान रिकामं राहिलं तर जागा दुसऱ्याला जाते आणि पाटी उतरते. तिची पाटी उतरू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. काहीतरी मांडायला हवं, पण विकलं तर जायला नको. म्हणून तो डगला मांडला आणि किमतीच्या चौकटीत नवाचा आकडा दाबत राहिलो, चौकट भरेपर्यंत. आठ वेळा नऊ. जवळजवळ दहा कोटी. त्या बाजारातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पंखांचा घोडा, तो तेव्हा तीस लाखाला होता. दहा कोटी देणारा माईचा लाल जन्मायचाय, म्हटलं. आणि स्वतःवर खूश होऊन चहा करून प्यायलो.

रोज दुपारी उघडून बघायचो. डगला तिथेच, त्याखाली तिचं नाव. बाकीचे भाव काय चाललेत हे मी बघतच नव्हतो. मला काय घ्यायचं होतं? पाव चार हजारांना झाला, मग चाळीस हजारांना. घोडा एक कोटीला गेला तेव्हा मला मजा वाटली होती. लोकांना वेड लागलंय, म्हटलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांची हलकी झालेली वजनं पकडली, त्याच्या डोक्यात हे शिरलं नाही की आपले आठ नऊसुद्धा रोज हलके होतायत. गेल्या महिन्यात एका मंगळवारी उघडलं तर दुकान रिकामं. खाली एक ओळ: "तुमचा माल विकला गेला. अभिनंदन." घोडा त्या दिवशी चौदा कोटींना होता.

मी वेड्यासारखं त्या गिऱ्हाइकाला शोधलं. लोखंड्या असं नाव लावणारा कुणी आहे. तीन दिवस निरोप टाकले, माझ्या चुकांनी भरलेले. चौथ्या दिवशी उत्तर आलं, पोरगं सभ्य निघालं. "काका, तो डगला मी उसवला. मला धागा हवा होता, हल्ली तसा मिळत नाही. तीन रिळं निघाली. आत शिवणारणीची एक चिठ्ठी होती, ती उसवल्यावर जाते. मला माहीत नव्हतं हो, सॉरी." चंदेरी रिळं, ठमे. तू पहिल्या वर्षी कुठल्याशा मोहिमेत जिंकून तिला दिलेली. ती मोहीम केव्हाच बंद झाली, त्यामुळे एकेक रीळ आता पाच कोटींना जातं. तिनं चार वर्षं त्यांना हात लावला नव्हता. या एकाच डगल्यात तिन्ही संपवली. आणि ऐक, त्याच दिवशी घाबरून मी पाटी वाचवायला एक पाव विकत घेतला आणि दुकानात मांडला. पाटी टिकली. एका पावावर भागलं. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं नसेल का? सुचलं होतं. डगला मांडायचं कारण पाटी नव्हतंच.

आता खरं सांगतो. तो डगला तुझा होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी पुरा झाला. मला हाक मारून म्हणाली, "अहो, हा ठमीला पाठवायचाय, तिकडे गारठा असतो." मी हसलो, खेळातल्या डगल्यानं कुठली थंडी जाते? तर म्हणाली, "तुम्ही पाठवा हो, मला आता बसवत नाही." कसा पाठवायचा ते दोनदा दाखवलं, म्हणजे मला येत नव्हतं असंही नाही. दवाखान्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिचे कपडे घ्यायला घरी आलो, तेव्हा बसलोही होतो पाठवायला. आतली चिठ्ठी वाचली आणि हात थांबला. वाटलं, हे वाचलं की पोरगी नवी नोकरी टाकून धावत येईल, अजून कायम झालेली नाही, आणि डॉक्टर तर दोनच दिवस म्हणतायत. घरी आल्यावर आईच पाठवील. संध्याकाळी तिनं विचारलं, पाठवलात? मी म्हटलं, हो. त्यानंतर ती दाराकडे तोंड करून झोपायला लागली. नर्सनं कूस बदलून दिली की पुन्हा तिकडेच वळायची. बाहेर कुणाची पावलं वाजली की डोळे उघडायची. मला कारण ठाऊक होतं, आणि तरी तुला खरं सांगायला तोंड उघडलं नाही, कारण मग तिलाही सांगावं लागलं असतं की मी पाठवलाच नाही. ती गेल्यावर तर डगला तुझ्या हाती पडू देणंच शक्य नव्हतं, ती चिठ्ठी वाचून तुला सगळं कळलं असतं. फेकवतही नव्हता. म्हणून आठ नऊ. ती चिठ्ठी आता कुठेच उरलेली नाही, फक्त मला पाठ आहे, आणि माझं वय झालं. म्हणून हे पत्र. तिनं लिहिलं होतं: "ठमीचं बरोबर होतं. तरी दर तोच. लवकर ये." आता रागवायचं तर माझ्यावर रागव, जन्मभर रागव, पण स्वतःवरचा राग सोड. बोलावूनही तू आली नाहीस असं झालंच नाही, पोरी. तिनं तुला बोलावलं होतं, ते बोलावणं माझ्याकडे पडून राहिलं.

तुझाच,
बाबा