एका ढिगात त्रेसष्ट गिऱ्हाइकं

३ जानेवारी १९९४, सोमवार

कॉम्प्युटर आला! टेम्पोतून उतरवायला चार माणसं, आणि वर मालक तात्यासाहेबांचा आरडाओरडा — "हळू! हळू! बादल्या नाहीत त्या!" चूक त्यांचीच. अख्ख्या कारखान्यात एरवी प्लास्टिकच्या बादल्या, हंडे आणि मग सोडून दुसरं काही बनत नाही. मुबारक ड्रायव्हरला सगळंच आदळायची सवय लागलीय.

सोबत कॉम्प्युटर चालवायला गौहर नावाची पोरगी आली. वय बावीस. पहिल्याच वाक्याला मला "चाचा" म्हणाली. मी बेचाळीसचा!

मग तात्यासाहेबांनी सगळ्यांना उभं करून भाषण केलं. संक्रांतीच्या वाणाचा माल — साबणदाण्या, गाळण्या, छोटे डबे. त्रेसष्ट दुकानदारांच्या ऑर्डरी. चौदा तारखेला विद्यापीठाच्या नामांतराचं काहीतरी होणार अशी कुजबुज आहे. बंदोबस्त लागला, रस्ते अडले, तर माल इथंच. म्हणून अकरा तारखेपर्यंत सगळा बाहेर! "ज्याच्या डोक्यानं हा माल निघंल, गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडं. इतक्या वर्षांची नोकरी मी बघणार नाय, बद्रीनाथ. नाहीतर तुम्ही गेटवर."

किल्ल्या अकरा वर्षं माझ्या कमरेला आहेत. गेटवर म्हणजे शिट्टी आणि काठी. सोयऱ्यांना काय सांगू?

४ जानेवारी

गौहरनं समजावलं. आपली पद्धत — एक गिऱ्हाईक, एक चिठ्ठी, एक फेरी. गोदामातली पुतळाबाई गाडा घेऊन पाचोडवाल्याच्या साबणदाण्या आणते, परत येते, मग फुलंब्रीवाल्याच्या साबणदाण्या आणायला पुन्हा त्याच मांडणीकडं. कॉम्प्युटर म्हणतो, ऑर्डरींचा गट करा. सगळ्यांच्या साबणदाण्यांची बेरीज, एकच यादी, एकच फेरी.

"चाचा, एक गट में कितने ऑर्डर डालूं? पाच? सात?"

मी विचार केला, पंगत एकदाच उठलेली बरी. म्हणालो, "सगळे!"

"त्रेसष्ट?"

"तुझ्या डब्याला झेपत नाय का?"

झेपलं. यादी निघाली.

५ जानेवारी

झेपलं ते कॉम्प्युटरला. गोदामाला नाही.

दुपारी चारपर्यंत सगळा माल मांडणीवरून निघून मधोमध आला. ढीग पंख्याला टेकला. वरच्या गाळण्या पंख्यानं उडवल्या, एक तात्यासाहेबांच्या चहात पडली. आता यातला माल कोणाचा? यादीवर नुसती बेरीज! साबणदाण्या दोन हजार शंभर. गाळण्या अठराशे. पाचोडची गाळणी आणि पैठणची गाळणी, दोघी सख्ख्या बहिणी! वेगळं करायला बसलो तर वैजापूरवाल्याला तीन डझन जास्त गेले, गंगापूरवाल्याला नुसती झाकणं.

गौहर रडकुंडीला आली. "मैंने पूछा था ना चाचा!" विचारलं होतं. खरं आहे.

तात्यासाहेब गेटकडं बघत उभे राहिले.

६ जानेवारी

सुचलं! सकाळी अंगावर दुसरा तांब्या घेतला आणि डोक्यात लख्ख! ढीग परत मांडणीवर, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रंग. गटात सातच ऑर्डर, कारण रंग सात. पुतळाबाईनं मांडणीवरून डझनाची पिशवी काढली की तिथंच तिला रंग लावायचा. खाली सात कोपरे. लाल लालकडं, पिवळी पिवळीकडं. त्रेसष्टला सातानं भागा — नऊ फेऱ्या. बस्स!

तात्यासाहेबांना सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली. "डोकं आहे तुम्हाला!" पुतळाबाई माझ्याकडं बघत होती. कौतुकच असणार.

रंग कशानं लावायचा? तेही मीच — टिकल्या! चटकन चिकटतात, चटकन निघतात. गुलमंडीवर जाऊन चाळीस पाकिटं घेतली. लाल, निळी, भगवी, हिरवी, पिवळी, गुलाबी, काळी. दुकानदार म्हणाला, "भाऊ, घरी किती जणी आहेत?"

घरी वच्छलाला पिशवीत ती पाकिटं सापडली. "ह्या कुणासाठी?"

"साबणदाण्यांसाठी."

दुसरी भाकरी मिळाली नाही.

७ जानेवारी

चार गट निघाले! अठ्ठावीस ऑर्डरी! अकरा वर्षांत एका दिवसात एवढा माल निघाला नाही. गौहर आता यादीवर रंग छापते — साबणदाणी तीनशे, लाल साठ, निळ्या चोवीस. मी मधोमध स्टुलावर बसून हुकूम सोडतो. पुतळाबाई धावते.

टिकल्या मात्र जातील तिथं चिकटतात. मुबारकच्या आरशावर भगवी. माझ्या चष्म्यावर पिवळी. तात्यासाहेब संध्याकाळी घरी गेले ते कोटाच्या पाठीवर लाल-गुलाबी अशा नऊ टिकल्या घेऊन. काय झालं असेल देव जाणे. मी सांगणार होतो, पण राहून गेलं.

९ जानेवारी, रविवार

सुट्टी रद्द. आणि वर ही भानगड!

पाचोडचा दुकानदार फोनवर — "आमच्या मालाला निळी टिकली कुणी लावली? गावात नामांतरावरून दोन तट पडल्यात. मला काय दुकान बंद करायचंय का? भगवी पाठवा!" त्याला सांगितलं, बाबा, साबणदाणी आहे ती, तिला मत नाही. ऐकेना. तासाभरात शहरातल्या एका दुकानदाराचा फोन — "भगवी कशाला लावली? आमच्या वस्तीत चालंल का? निळीच द्या." मग फुलंब्रीवाला — हिरवी नको. का नको ते सांगेना.

सगळ्यांना एकच नियम करून टाकला. गाडी भरताना टिकल्या काढायच्या. माल बिनकपाळाचा जाणार!

काढलेल्या निळ्या टिकल्यांचा पुडा पुतळाबाईनं मागून घेतला. एक कपाळाला लावली. "त्यान्ला नको तर नको. मला चालती." हिचा भाऊ नामांतरासाठी जेलात जाऊन आलेला. मी तिचा चेहरा बघितला आणि उरलेली पाकिटं मोजायला लागलो.

११ जानेवारी

शेवटची गाडी पावणेपाचला गेटबाहेर. त्रेसष्टच्या त्रेसष्ट! गंगापूरवाल्याला साबणदाण्यासुद्धा गेल्या, झाकणासकट!

गौहरनं कॉम्प्युटरला दृष्ट लागू नये म्हणून काळी टिकली लावली. तात्यासाहेब म्हणाले, "किल्ल्या तुमच्याच, बद्रीनाथ. कॉम्प्युटर आणला मी, पण डोकं तुमचं." वच्छलाला सांगितलं. आज तीन भाकऱ्या.

१२ जानेवारी

चौकाचौकात पोलीस. माल वेळेत निघाला.

१४ जानेवारी, संक्रांत

झालं. रेडिओवर सांगितलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव.

आम्ही दार लावून बसलो होतो. संध्याकाळी कडी वाजली. वच्छला घाबरली. बघतो तर पुतळाबाई, नवं लुगडं, हातात बुंदीचे लाडू. मुलाच्या सायकलवर आली होती एवढ्या लांब. हसत होती आणि डोळे गळत होते.

"सोळा वर्षं झाली, भाऊ. लई माणसं गेली. पर नाव लागलं! ज्याचं व्हतं त्याचं लागलं!"

वच्छलानं तिला आत घेतलं, हळदीकुंकू लावलं, वाण दिलं — आमचीच साबणदाणी. ती गेल्यावर लाडू खाल्ला. गोड होता. मग रोजनिशीतलं सहा तारखेचं पान उघडून वाचलं.

१५ जानेवारी

सहा तारखेचं पान खोटं आहे. तांब्या वगैरे काही नाही. पाच तारखेला ढिगाशी पुतळाबाई म्हणाली होती, "भाऊ, आमच्या नळावर पन्नास हंडे एकसारखे ऱ्हात्यात. ज्याच्या त्याच्या हंड्याला ज्याची त्याची रंगीत चिंधी. कधी भांडण नाय." मी तिला "गाडा ढकल" म्हणालो, आणि सकाळी तात्यासाहेबांना माझं म्हणून सांगितलं. रोजनिशीतसुद्धा माझंच लिहिलं!

आज तात्यासाहेबांना खरं सांगितलं. किल्ल्या पुतळाबाईच्या कमरेला. मी गेटवर. शिट्टी मिळाली.

टिकल्या मात्र माझ्याच होत्या!