पत्रिकेतला अर्धा विषय

कोरमंगला, बंगळूर
३ ऑगस्ट २०२५

ती. शुभदाआत्यास,
सुखदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाला विद्यापीठाचा यंदाचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला! ज्या पोरापोरींवर तो लिहिला, ती माझ्याआधी नाचली. समलिंगी किंवा ट्रान्स आहे म्हणून कुणाला घरातून, पीजीतून काढलं, की यांच्याकडून तासाभरात गादी, जेवण आणि सोबत हजर. विशीतल्या मुलांनी हे कसं उभं केलं, तेच मी लिहिलं.

आता रड ऐक. १७ तारखेला इथल्या मराठी मंडळाचा गुणगौरव समारंभ आहे आणि तुझे बंधुराज, आपले अण्णा, पडले चिटणीस. त्यांनी पत्रिकेत माझा विषय छापला, ‘तरुणांचे संघटन’. संपलं! विचारलं तर म्हणाले, जागा कमी होती. माझ्यासोबत सत्कार असलेल्या अजितचा सिमेंटवरचा विषय मात्र तीन ओळी पसरलाय. मीही या मुलांतलीच, हे घरी सांगून चार वर्षं झाली, आत्या. अण्णांनी तो शब्द अजून एकदाही तोंडातून काढलेला नाही. पूर्ण विषय वाचणार नसाल तर मी स्टेजवर येणार नाही, असं सांगून आलेय. खरं सांगू? मला जायचंय गं.

तुझ्या लाडावर हक्क सांगणारी,
सुखदा

निपाणी
९ ऑगस्ट २०२५

चि. त्रिविक्रमास,
अक्काचे आशीर्वाद, आणि सोबत राग.

पोरीचं पत्र आलं, तसे मी गल्लीभर पेढे वाटले. बक्षीस कशाबद्दल, हे ज्यानं विचारलं त्याला सगळं सांगितलं. शेजारच्या कस्तुराबाईंनी दोनदा समजावून घेतलं आणि आणखी एक पेढा उचलला. एवढंच झालं बघ.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं युनियनच्या सभा गाजवल्यास. साहेबासमोर तुझी जीभ कधी अडखळली नाही. आणि स्वतःच्या लेकीचे चार शब्द जड जातात होय रे तुला? तुझ्या बायकोला, भाग्यलक्ष्मीला विचार, आई असून ती तरी गप्प कशी बसली. गुडघा बरा असता तर मीच येऊन वाचलं असतं.

राग ओसरला तरी माया राहीलच.
तुझी,
अक्का

बंगळूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
त्रिविक्रमचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र झोंबलं.  मग सुखदाचा प्रबंध मागवून घेतला. इंग्रजी स्वल्प जड गेलं, पण वाचला. संपाच्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या चुली सांभाळायचो, तेच ही पोरं करताहेत, आणि त्यांच्यामागे तर युनियनसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली. शनिवारी सुखदाला फोन करून सांगितलं, उद्या ये, पूर्ण वाचतो.

काल वाचलं. बंगळूरमधील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी तरुणांचे संघटन.  अध्यक्ष दामोदरपंतांनी पुढचं नाव घ्या म्हणून खूण केली. सुखदा पायरीवरच थांबलेली. माझं डोकंच फिरलं, अक्का. माइक जवळ ओढून सगळा विषय पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला आणि म्हणालो, "ही माझी मुलगी. मीही यांच्यातलीच, असं तिनं प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापलंय. पत्रिकेत मी अर्धंच छापलं, ती चूक माझी."

पहिली टाळी भाग्यलक्ष्मीची. मग सगळी माणसं उठून उभी राहिली, दामोदरपंत सर्वांत शेवटी. सुखदा वर आली ती रडत आणि हसत, आणि शाल राहिली बाजूला, आधी माझ्या गळ्यात पडली.

जेवणाच्या वेळी मंडळाचा स्वयंपाक बघणाऱ्या भागुबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांची नात सहा महिने घरात कुणाशी बोलत नाही. ही मुलं कुठं भेटतात, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं. सुखदा म्हणाली, दर रविवारी, कोरमंगल्यात. एकटीनं जायला त्या बिचकत होत्या. मी म्हणालो, "मी येतो सोबत. मलाही पहिल्यांदाच जायचंय."

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा,
त्रिविक्रम